शस्त्रक्रियेनंतरची बुद्धी आणि संगणकाची मोजपट्टी

वार्धक्यात मोठी शस्त्रक्रिया झाली की जखम भरते, रुग्ण हिंडूफिरू लागतो, परंतु स्मरण, अवधान आणि विचारांची चपळाई पूर्ववत होत नाही, ही कुटुंबीयांची तक्रार जुनी आहे. तिची शास्त्रीय नोंद घेण्यास मात्र १९५५ साल उजाडावे लागले. त्या वर्षी पी. डी. बेडफर्ड या ऑक्सफर्डच्या वैद्याने भूल दिल्या गेलेल्या सुमारे बाराशे वयस्क रुग्णांचा मागोवा घेऊन ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात निबंध प्रसिद्ध केला आणि वृद्धांच्या मेंदूवर भुलीचे अनिष्ट परिणाम होऊ शकतात असे प्रतिपादन केले. बेडफर्ड यांचा आधार प्रामुख्याने नातेवाइकांच्या सांगण्याचा आणि वैद्यकीय निरीक्षणाचा होता. त्यानंतरच्या सत्तर वर्षांत ही तक्रार मोजण्याची साधने पालटत गेली आणि प्रश्नावली, कागद-पेन्सिलीच्या चाचण्या, पडद्यावरचे खेळ, लेखणीची हालचाल टिपणारी अंकीय उपकरणे असा त्यांचा प्रवास झाला. साधने जितकी सूक्ष्म होत गेली तितके उत्तरही निःसंदिग्ध होत गेले, असे मात्र म्हणता येत नाही. आणि त्यामागची कारणे साधनांत कमी, तुलनेच्या पद्धतीत अधिक आहेत.

या विषयात वेगवेगळ्या अवस्थांची सरमिसळ फार होते, म्हणून आधी त्या निराळ्या करणे आवश्यक आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही दिवसांत उद्भवणारा, दिवसभरात कमीजास्त होणारा आणि ज्यात रुग्णाचे लक्षच एका जागी ठरत नाही असा तीव्र भ्रम म्हणजे डिलिरियम. तो खाटेजवळ बसून, ठरावीक निकषांनी ओळखला जातो आणि त्यासाठी १९९० मध्ये शॅरन इनूये व सहकाऱ्यांनी रचलेली पद्धत आजही सर्वत्र वापरली जाते. स्मृतिभ्रंश ही याउलट वर्षानुवर्षे सरकत जाणारी व्याधी होय. या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात जे येते, म्हणजे रुग्ण शुद्धीवर आहे, बोलतो-चालतो, पण हिशेब चुकतो, वाचलेले लक्षात राहत नाही, कामाला पूर्वीपेक्षा वेळ लागतो, त्याला बोधनिक घट असे म्हणतात. बोधन या संज्ञेत स्मरण, अवधान, भाषा, नियोजन आणि विचारांची गती या सर्व क्षमता येतात. २०१८ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने या क्षेत्राची परिभाषा नव्याने बांधली आणि पहिल्या तीस दिवसांतील घटीला ‘विलंबित पुनर्लाभ’, तर त्यानंतर वर्षभरापर्यंत टिकणाऱ्या घटीला शस्त्रक्रियोत्तर चेता-बोधनिक विकार मानावे असे ठरवले. त्याआधीच्या बहुतेक संशोधनात घटीचे निदान केवळ चाचण्यांच्या आकड्यांवरून होत असे, रुग्णाची वा घरच्यांची तक्रार आहे की नाही हे विचारलेही जात नसे. नव्या परिभाषेने ती तक्रार आणि दैनंदिन व्यवहारातील अडचण यांनाही निदानात स्थान दिले.

मोजमापाच्या इतिहासात १९९८ हे वर्ष मध्यवर्ती मानावे लागते. युरोपातील आठ देश आणि अमेरिका यांतील तेरा रुग्णालयांनी मिळून, साठ वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या आणि हृदयाव्यतिरिक्त मोठी शस्त्रक्रिया झालेल्या १,२१८ रुग्णांची शस्त्रक्रियेपूर्वी, एका आठवड्याने आणि तीन महिन्यांनी चाचणी घेतली. आठवड्याने २५.८ टक्के रुग्णांत आणि तीन महिन्यांनी ९.९ टक्के रुग्णांत घट आढळली. ज्यांच्यावर शस्त्रक्रिया झालीच नव्हती अशा तुलना-गटात याच निकषाने हे प्रमाण अनुक्रमे ३.४ आणि २.८ टक्के निघाले. शस्त्रक्रियेच्या काळात प्राणवायू कमी पडणे किंवा रक्तदाब घसरणे ही घटीची कारणे असावीत, अशी संशोधकांची अपेक्षा होती. ती फोल ठरली. दीर्घकाळ टिकणाऱ्या घटीशी निश्चित संबंध दिसला तो केवळ वयाचा. या अभ्यासातील बहुतेक चाचण्या कागद-पेन्सिलीच्या होत्या: शब्दांची यादी पाठ करून पुन्हा सांगणे, अक्षरांपुढे ठरलेले अंक भराभर लिहिणे, रंगाचे नाव भलत्याच रंगाच्या शाईत छापले असता शाईचा रंग सांगणे इत्यादी. त्यांच्या जोडीला चार चौकोनांपैकी जो उजळेल त्याची कळ दाबण्याची एक संगणकीय चाचणीही होती, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही. या क्षेत्रात संगणकाचा प्रवेश बराच आधी झाला होता, तो असा एका कोपऱ्यातून.

या अभ्यासाचे खरे योगदान आकड्यांपेक्षा गणिताच्या रीतीत आहे, आणि पुढील सर्व संगणकीय चाचण्यांचा कस याच रीतीवर लागत असल्याने ती समजून घेणे भाग आहे. तीच चाचणी दुसऱ्यांदा दिली की निरोगी माणसाचा गुणांक साधारणतः वाढतो, कारण चाचणीचे स्वरूप त्याला आता ठाऊक असते. याला सरावाचा परिणाम म्हणतात. शिवाय झोप, मनःस्थिती, खोलीतील गोंगाट यांमुळेही गुणांक थोडाफार वरखाली होतोच. समजा, एका रुग्णाला शस्त्रक्रियेपूर्वी नऊ शब्द आठवले आणि नंतर आठ. वरवर पाहता एकाच शब्दाचा तोटा झाला. परंतु त्याच अवधीत तुलना-गटातील लोकांनी सरावामुळे सरासरी एक शब्द कमावला असेल, तर रुग्णाचा खरा तोटा दोन शब्दांचा ठरतो. आता तुलना-गटातील बदलाचे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवती बदल किती पसरलेला आहे याचे माप, दोन शब्दांचे असेल, तर हा तोटा एका प्रमाण विचलनाएवढा भरतो आणि तो सहज घडणाऱ्या चढउतारांतच मोडतो. १९९८ च्या अभ्यासाने जवळपास दोन प्रमाण विचलनांची सीमा घातली, आणि तीही एका नव्हे, दोन चाचण्यांत वा सर्व चाचण्यांच्या एकत्रित गुणांकात ओलांडली जावी असा दंडक ठेवला.

ही सीमा सैल केली तर काय होते, हे साध्या संभाव्यतेच्या हिशेबाने पाहता येते. परस्परांपासून स्वतंत्र अशा सात चाचण्या घेतल्या आणि कोणत्याही दोहोंत एका प्रमाण विचलनाची घसरण म्हणजे विकार असे मानले, तर ज्यांना काहीही झालेले नाही अशा लोकांपैकीही सुमारे ३१ टक्के ‘विकारग्रस्त’ ठरतात, सीमा १.९६ प्रमाण विचलनांवर नेली की हेच प्रमाण सव्वा टक्क्याच्या आसपास येते. प्रत्यक्षात चाचण्या इतक्या स्वतंत्र नसतात, त्यामुळे आकडे थोडे बदलतील, पण दिशा बदलणार नाही. हृदयशस्त्रक्रियेच्या साहित्यात कित्येक वर्षे ‘वीस टक्के चाचण्यांत वीस टक्क्यांची घसरण’ असा नियम वापरला गेला, तो सराव आणि यादृच्छिक चढउतार या दोहोंकडे पाठ फिरवणारा होता. त्या नियमावर उभ्या राहिलेल्या टक्केवाऱ्या आज फार जपून वाचाव्या लागतात.

तुलना-गटाचे महत्त्व बायपास शस्त्रक्रियेच्या वादाइतके दुसरीकडे कुठेच स्पष्ट झाले नाही. २००१ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी बायपास झालेल्या २६१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात रुग्णालयातून घरी जाताना ५३ टक्के, सहा महिन्यांनी २४ टक्के आणि पाच वर्षांनी पुन्हा ४२ टक्के लोकांत घट आढळली. आधी उतरलेला आलेख पुन्हा चढतो हे पाहून बायपासच्या वेळी वापरल्या जाणाऱ्या हृदय-फुप्फुस यंत्रावर संशय गेला आणि वृत्तपत्रांतही त्याचा गाजावाजा झाला. मात्र त्या अभ्यासात शस्त्रक्रिया न झालेल्या हृदयरुग्णांचा गट नव्हता. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ओला सेल्नेस आणि सहकाऱ्यांनी असा गट ठेवून सहा वर्षे पाठपुरावा केला तेव्हा, हृदयाच्या रोहिण्यांचा विकार असलेल्या पण शस्त्रक्रिया न झालेल्या लोकांतही जवळपास तेवढाच उतार दिसला. हृदय-फुप्फुस यंत्र न वापरता केलेल्या बायपासची तुलना करणाऱ्या नेदरलँड्समधील चाचणीतही पाच वर्षांनी दोन्ही गटांत फरक आढळला नाही. दीर्घकालीन घटीचा दोष बहुतांशी रक्तवाहिन्यांच्या मूळ विकाराकडे आणि वयाकडे जातो, असाच याचा अर्थ घ्यावा लागतो. १९९८ च्या अभ्यासातील काही रुग्णांना एक-दोन वर्षांनी पुन्हा तपासले असता सुमारे दहा टक्क्यांत घट दिसली, पण तुलना-गटातही प्रमाण तेवढेच होते, आणि शस्त्रक्रियेनंतरच्या तिन्ही तपासण्यांत सातत्याने घट दाखवणारे रुग्ण एक टक्क्याहूनही कमी निघाले. एका तपासणीत ‘विकारग्रस्त’ आणि पुढच्या तपासणीत ‘निरोगी’ असा हा ये-जा करणारा समूह रोगाचा जितका आहे तितकाच मोजमापातील डळमळीतपणाचाही आहे.

या पार्श्वभूमीवर संगणकीय चाचण्यांचे आकर्षण समजते. कागदी चाचण्यांना प्रशिक्षित परीक्षक लागतो, पाऊण ते एक तास जातो, दोन परीक्षकांच्या सूचना देण्यात फरक पडतो आणि शब्दांच्या पर्यायी याद्या मर्यादितच असतात. संगणक प्रत्येक वेळी त्याच रीतीने सूचना देतो, प्रतिक्रियाकाल, म्हणजे खूण दिसल्यापासून कळ दाबेपर्यंतचा अवधी, हजारांश सेकंदांत नोंदवतो आणि प्रश्नांचा क्रम दरवेळी नव्याने पिसतो. केंब्रिजमध्ये १९८० च्या दशकात ट्रेव्हर रॉबिन्स आणि बार्बरा सहाकियन यांच्या पुढाकाराने तयार झालेला ‘कँटॅब’ हा संच स्पर्शपटलावर चालतो. त्यातील एका प्रसिद्ध चाचणीत पडद्यावरील खोकी एकेक करून उघडतात, काहींत आकृत्या दिसतात, आणि नंतर कोणती आकृती कोणत्या खोक्यात होती ते रुग्णाने बोट लावून दाखवायचे असते. मेंदूतील हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित भागाची दुर्बलता या चाचणीत लवकर उमटते. मेलबर्नमधील ‘कॉगस्टेट’ या संचाने त्याहून साधा मार्ग धरला: पडद्यावर पत्ता उलटला का, तो लाल आहे का, आधीच्या पत्त्यासारखाच आहे का, हा पत्ता यापूर्वी येऊन गेला आहे का, असे चार प्रश्न, आणि उत्तर केवळ होय वा नाही. मेलबर्नच्याच भूलतज्ज्ञांनी हा संच बायपासच्या रुग्णांवर कागदी चाचण्यांच्या बरोबरीने वापरून पाहिला आणि शस्त्रक्रियोत्तर संशोधनात त्याला स्थान मिळाले. अमेरिकी लष्कराने सैनिकांच्या डोक्याला होणाऱ्या दुखापतींसाठी, तर क्रीडावैद्यकाने खेळाडूंसाठी वापरलेले संच हे याच कुळातले. घटीचे मोजमाप आधीच्या पातळीशीच व्हावे, म्हणून मोहिमेवर वा मैदानात जाण्यापूर्वीच चाचणी घेऊन ठेवायची, ही तेथे रुळलेली प्रथा शस्त्रक्रियेलाही तंतोतंत लागू पडते.

छोट्या तोंडी चाचण्यांच्या तुलनेत संगणकाची सरशी निर्विवाद आहे. १९७५ पासून प्रचलित असलेली तीस गुणांची मनोवस्था-चाचणी किंवा २००५ मधील ‘मोका’ ही चाचणी स्मृतिभ्रंश वा त्याआधीची सौम्य घट यांच्या चाळणीसाठी वापरली जाते. निवृत्त प्राध्यापकाची क्षमता बरीच ढासळली तरी मनोवस्था-चाचणीत त्याचे गुण तिसावरच राहू शकतात. प्रतिक्रियाकालाला असे छत नसते. परंतु सूक्ष्मतेबरोबर नवी अडचणही येते, कारण शस्त्रक्रियेनंतरच्या आठवड्यात रुग्णाचा वेग मंदावण्यास मेंदूखेरीज अनेक कारणे असतात: अफूजन्य वेदनाशामके, अपुरी झोप, रक्तक्षय, हातातील सलाईनची सुई, सुजलेली बोटे. स्पर्शपटल कोरड्या, थंड बोटांना नीट दाद देत नाही. संधिवात झालेल्या हाताला कळ सोडायला उशीर होतो. मोतीबिंदू असेल तर खूणच उशिरा दिसते. सर्वसामान्य टॅब्लेटला स्पर्श नोंदवायला लागणारा वेळही यंत्रागणिक कित्येक हजारांश सेकंदांनी बदलतो, त्यामुळे आधीची चाचणी एका यंत्रावर आणि नंतरची दुसऱ्यावर घेतली तर फरक कोणाचा, रुग्णाचा की यंत्राचा, हे सांगणे अवघड होते. वेग मोजणारे साधन वेगच मोजते; त्या वेगाचा अर्थ लावण्याचे काम भूलतज्ज्ञ, परिचारिका आणि मेंदुमानसशास्त्रज्ञ यांच्याकडेच राहते. अमेरिकेतील मेंदुमानसशास्त्रज्ञांच्या दोन प्रमुख संस्थांनी २०१२ मध्ये काढलेल्या संयुक्त निवेदनात, संगणकीय चाचणीची विश्वसनीयता व वैधता त्या चाचणीसाठी स्वतंत्रपणे सिद्ध व्हायला हवी आणि कागदी चाचणीचे पडद्यावरील रूपांतर ही वेगळीच चाचणी समजावी, असा आग्रह धरला, तो या संदर्भात अत्यंत योग्य होता. विक्रीपत्रकांत मात्र हा आग्रह सहसा हरवतो.

त्याहून गंभीर प्रश्न चाचणी पूर्ण न करणाऱ्यांचा आहे. ज्यांची प्रकृती सर्वाधिक बिघडते, जे डिलिरियममध्ये असतात, जे पुन्हा शस्त्रक्रियागृहात नेले जातात, तेच पडद्यासमोर बसू शकत नाहीत. आणि अशा रुग्णांना हिशेबातून वगळले की उरलेल्यांचे चित्र खऱ्यापेक्षा उजळ दिसते. संगणक येथे काही मदत करत नाही, उलट थोडा अडथळाच होतो, कारण परीक्षक माणूस अर्धवट उत्तरांतूनही काही ताडतो, तर यंत्र ‘अपूर्ण’ अशी नोंद करून मोकळे होते. घरी गेल्यावर दूरस्थ चाचणी घेण्याची सोय ही या उणिवेवरची खरी भरपाई ठरू शकते. कोविडच्या साथीनंतर तिला वेग आला आहे, पण घरी शेजारी बसलेला नातू किती मदत करतो हे आकड्यांत उमटत नाही.

भुलीच्या प्रकाराबद्दलच्या वादातही मोजमापातून निःसंदिग्ध उत्तर मिळालेले नाही. संपूर्ण भुलीऐवजी कमरेत इंजेक्शन देऊन बधिर केल्यास मेंदू वाचतो, ही समजूत रुग्णांत आणि काही शल्यचिकित्सकांतही दृढ आहे. परंतु खुब्याच्या हाडाच्या शस्त्रक्रियांवरील २०२१ मधील दोन मोठ्या चाचण्यांत, एक अमेरिका व कॅनडातील आणि दुसरी चीनमधील, डिलिरियमच्या प्रमाणात अर्थपूर्ण फरक आढळला नाही. भुलीची खोली मेंदूच्या विद्युत्‌लहरींवरून नियंत्रित केल्यास लाभ होतो का, यावर हाँगकाँगमधील २०१३ च्या अभ्यासात तीन महिन्यांनंतरची घट १४.७ टक्क्यांवरून १०.२ टक्क्यांवर आलेली दिसली, तर २०१९ मधील अमेरिकी अभ्यासाला डिलिरियम कमी झालेला दिसला नाही.

भारतात, आणि मराठी भाषकांच्या संदर्भात विशेषतः, तुलनेचा प्रश्न अधिकच बिकट होतो. २०११ च्या जनगणनेनुसार साठीपुढील लोकांत साक्षरता ४४ टक्क्यांच्या आसपास होती, आणि वृद्ध स्त्रियांत ती जेमतेम २८ टक्के होती. रंग-शब्दांची चाचणी वाचता येण्यावर उभी आहे. अक्षरे आणि अंक आलटूनपालटून जोडण्याची चाचणी वर्णमालेचा क्रम तोंडपाठ असण्यावर. शाळेची पायरी न चढलेल्या पण बाजारचा हिशेब तोंडी करणाऱ्या वृद्धेला या चाचण्या मंद ठरवतील, आणि तो दोष तिच्या मेंदूचा नसेल. याचा विचार करूनच हरियाणातील बल्लभगड येथे १९९० च्या दशकात निरक्षर ग्रामीण वृद्धांसाठी हिंदी मनोवस्था-चाचणी घडवली गेली, आणि पुढे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड व मल्याळम या पाच भाषांत बोधनिक चाचण्यांचा संच विकसित केला. त्या पहिल्या यादीत मराठी नव्हती. पडद्यावरील आकृत्या आणि पत्ते भाषेची अडचण टाळतात, असे संगणकीय संचांचे समर्थक म्हणतात आणि त्यात तथ्य आहे, पण शालेय शिक्षणाचा प्रभाव आकृत्यांच्या चाचण्यांतही टिकून राहतो, हे अनेक देशांतील अभ्यासांनी दाखवले आहे. कालबद्ध परीक्षेला बसण्याची, अनोळखी माणसाच्या निरर्थक वाटणाऱ्या सूचना पाळण्याची सवयसुद्धा शाळाच लावते.

तथापि एका बाबतीत शस्त्रक्रियापूर्व तपासणी हा या अडचणीतून निघण्याचा मार्ग आहे. रुग्णाची तुलना इतरांच्या सरासरीशी न करता त्याच्या स्वतःच्या आधीच्या गुणांकाशी केली, की शिक्षण आणि भाषा यांचा बराचसा भार दोन्ही बाजूंनी वजा होतो. अमेरिकेतील शल्यचिकित्सक व वार्धक्यशास्त्र संस्थांनी २०१२ मध्येच वृद्ध रुग्णांची शस्त्रक्रियेपूर्वी बोधनिक तपासणी व्हावी अशी शिफारस केली आणि त्यासाठी तीन शब्द लक्षात ठेवणे व घड्याळ काढणे एवढीच छोटी चाचणी सुचवली. फ्लोरिडा विद्यापीठात घड्याळाचे हेच चित्र अंकीय लेखणीने काढून घेतात. लेखणी केवळ चित्र नव्हे, तर रेघांमधील थांबेही नोंदवते, आणि अखेरचे चित्र निर्दोष असूनही विचारात गेलेला वेळ अधिक असेल तर तो उघड होतो. कागदावरचे जुने काम यंत्राने अधिक बारकाईने वाचावे, ही दिशा पडद्यावर नवे खेळ आणण्यापेक्षा वृद्धांना अधिक मानवणारी दिसते. शस्त्रक्रियेआधीच ज्यांची क्षमता कमी आहे त्यांना डिलिरियमचा धोका सर्वाधिक असतो, हे पुरेसे सिद्ध झाले आहे. आणि डिलिरियमचा तरी बऱ्याच अंशी प्रतिबंध करता येतो, चष्मा व श्रवणयंत्र लवकर परत देणे, रात्रीची झोप राखणे, लवकर चालवणे, गुंगी आणणारी औषधे टाळणे अशा साध्या उपायांनी. घट झाल्यावर तिची टक्केवारी काढण्यापेक्षा, धोक्यातील रुग्ण आधी हेरण्यात संगणकीय चाचणीचा उपयोग म्हणूनच मोठा आहे.

महाराष्ट्रातील एखाद्या रुग्णालयाला हे करायचे झाल्यास महागडा संच घेण्यापेक्षा दोन गोष्टी अधिक मोलाच्या ठरतील. एक, भूलपूर्व तपासणीच्या दिवशीच, त्याच टॅब्लेटवर, त्याच खोलीत, चष्मा लावून घेतलेली चाचणी, आणि तिच्या आधी न मोजला जाणारा एक सराव-फेरा, म्हणजे स्पर्शपटलाची नवलाई पहिल्या खऱ्या गुणांकात मिसळणार नाही. दुसरे, शस्त्रक्रिया न होणाऱ्या, त्याच वयाच्या आणि तेवढ्याच शिक्षणाच्या मराठी भाषक लोकांचा गट, ज्यांची चाचणी तितक्याच अंतराने पुन्हा घेतली जाईल. सांधेरोपणाची वाट पाहणारे रुग्ण, सोबत येणारे जोडीदार, ज्येष्ठ नागरिक संघांचे सभासद यांतून असा गट उभा करता येतो. रुग्णाच्या आकड्यांतून वजा करावा लागणारा सरावाचा परिणाम आणि त्याचे प्रमाण विचलन याच गटातून मिळतील. परदेशी संचाच्या पुस्तिकेत छापलेली प्रमाणके त्या जागी बसवता येणार नाहीत.